घरच्या खोलीत सिद्धेश्वर तलाव: हिरव्या पडद्यावरचे चित्रण आणि थरांची पार्श्वभूमी

संक्रांत जवळ आली की सोलापुरात ध्वनिचित्रफिती तयार करणाऱ्यांच्या हाताला उसंत राहत नाही. सिद्धेश्वर यात्रेच्या शुभेच्छा, सात नंदीध्वजांची माहिती, अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेचे निवेदन अशा अनेक कामांत निवेदक तलावाकाठी उभा असलेला हवा असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. मग घरातल्या खोलीत हिरवे कापड लावून चित्रीकरण होते आणि मागे मंदिराचे एक छायाचित्र जोडले जाते. हिरवा रंग बहुधा नीट निघतो, तरीही माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. याचे कारण हिरव्या रंगात नसून इतरत्र असते. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी टिपलेल्या चित्रांना एकच ऊन, एकच भिंग आणि एकच हवा मिळवून देणे हे या कामाचे मर्म आहे, आणि पुढचे सगळे मार्गदर्शन मी त्याच दृष्टीने लिहिले आहे.

उदाहरणादाखल एकच दृश्य घेऊ. निवेदक कंबरेपासून वर दिसतो. त्याच्या मागे तलावाचे पाणी आणि मंदिर, त्यामागे सकाळचे आकाश, आणि चौकटीच्या एका कोपऱ्यात, निवेदकाच्याही पुढे, झाडाची एखादी फांदी. सॉफ्टवेअर म्हणून डाव्हिन्ची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती गृहीत धरली आहे, कारण तिच्यातील फ्यूजन या विभागात थर जोडण्याची सर्व साधने मिळतात. आपण प्रीमियर किंवा आफ्टर इफेक्ट्स वापरत असाल तर साधनांची नावे बदलतील, मात्र क्रम हाच राहील.

पार्श्वभूमी आधी, निवेदक नंतर

बहुतेक जण आधी निवेदकाचे चित्रीकरण उरकतात आणि मग पार्श्वभूमी शोधायला बसतात. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. तलावाकाठचे ऊन आपल्या हातात नसते, खोलीतले दिवे मात्र हवे तिकडे वळवता येतात. म्हणून जे बदलता येत नाही ते आधी टिपावे आणि जे बदलता येते ते त्याच्याशी जुळवावे.

यात्रेची गर्दी सुरू होण्यापूर्वी, एखाद्या कोवळ्या उन्हाच्या सकाळी तिवई घेऊन तलावाकाठी जावे. दर्शनाला आलेल्या लोकांचे चेहरे चौकटीत येणार नाहीत अशी जागा निवडावी. तिथे चार गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात: कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची, भिंगाची नाभीय लांबी (फोकल लेंथ) किंवा मोबाइलचे कोणते भिंग वापरले ते, कॅमेरा वर-खाली किती झुकला होता, आणि ऊन कॅमेऱ्याच्या कोणत्या बाजूने येत होते. या चार ओळी पुढे कित्येक तासांची मेहनत वाचवतात.

यांपैकी उंचीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सपाट जागेवर कॅमेरा ज्या उंचीवर असतो त्याच उंचीवर क्षितिजरेषा येते, आणि समोर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला ती रेषा त्याच उंचीवर छेदते. तलावाकाठी कॅमेरा साडेचार फुटांवर असेल तर क्षितिज निवेदकाच्या छातीमागून गेले पाहिजे आणि पाण्याची दूरची कड त्याच्या किंचित खाली आली पाहिजे. हीच रेषा निवेदकाच्या डोक्यावरून गेली तर पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण माणूस खड्ड्यात उभा आहे असे त्याला वाटत राहते. खोलीत कॅमेरा त्याच उंचीवर, त्याच झुकावात आणि त्याच भिंगाने लावला की हा प्रश्न उरत नाही.

पाण्याचे केवळ छायाचित्र घेऊन भागत नाही. निवेदक बोलतो, हात हलवतो आणि त्याच्या मागे पाणी थिजलेले असते, हा दोष कोणत्याही रंगसुधारणेने झाकला जात नाही. म्हणून तिवईवर कॅमेरा स्थिर ठेवून पाण्याचे किमान तीस सेकंदांचे चलचित्रण घ्यावे. मंदिर आणि आकाश यांची स्वतंत्र, मोठ्या आकाराची छायाचित्रे घ्यावीत. फांदी कोणत्याही झाडाची चालते, फक्त ती मोकळ्या आकाशासमोर टिपावी म्हणजे नंतर कापून वेगळी करणे सोपे जाते.

कापड, बांगड्या आणि बाराबंदी

कापडाच्या बाबतीत सोलापूरकर भाग्यवान आहेत. गणवेश शिवणारे हे गाव असल्यामुळे बिनचमकीचे, घट्ट विणीचे, एकसारख्या रंगाचे कापड इथे ठाणाच्या हिशेबाने मिळते. साटीन किंवा चमकणारे कोणतेही कापड घेऊ नये. त्यावर दिव्याचा पांढरा पट्टा उमटतो आणि तेवढा भाग हिरवा राहतच नाही. पन्हा शक्य तितका मोठा पाहावा. दोन पन्हे जोडावे लागलेच तर शिवण निवेदकाच्या पाठीमागे येऊ न देता कडेला नेऊन ठेवावी. कापड ताणून बांधावे आणि चित्रीकरणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा, कारण कापडाच्या लाटा म्हणजे उजेडाच्या आणि सावलीच्या लाटा. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीत पंख्याविना उभे राहणे अशक्य असते, म्हणून त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत काम आटोपावे.

हिरवाच रंग का, हे समजून घेतल्यास पुढचे निर्णय सोपे होतात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर लाल आणि निळ्या बिंदूंच्या दुप्पट, म्हणजे एकूण बिंदूंपैकी निम्मे, बिंदू हिरवा प्रकाश मोजतात. शिवाय एचडी चित्रात तेजाची मोजणी करताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के धरला जातो. त्यामुळे हिरव्या रंगाची माहिती सर्वांत तपशीलवार आणि कमी कणांची, म्हणजे कमी बारीक खरखरीची, मिळते, आणि माणसाच्या त्वचेत हिरवा रंग प्रबळ नसतो.

मात्र आपल्याकडे हिरवा रंग अंगावर असतो. आमच्या एका चित्रीकरणात निवेदिकेने काळी चंद्रकळा नेसली होती, म्हणून सगळे निर्धास्त होते; पार्श्वभूमी जोडल्यावर लक्षात आले की त्यांच्या हातातल्या हिरव्या काचेच्या बांगड्यांच्या जागी तलावाचे पाणी दिसते आहे. सौभाग्याच्या बांगड्या काढायला सांगणे योग्य नव्हते आणि तसे सांगण्याची गरजही नव्हती. निळे कापड लावून तेच चित्रीकरण पुन्हा केले. तेव्हापासून पाहुण्यांना आधीच विचारण्याची सवय ठेवली आहे: साडीचे काठ कोणते, खण कोणता, बांगड्या कोणत्या. हिरवे काही असल्यास निळा पडदा, निळे असल्यास हिरवा.

यात्रेच्या विषयात दुसरी अडचण पांढऱ्या वस्त्राची येते. नंदीध्वज पेलणारे भाविक पांढरी बाराबंदी घालतात आणि निवेदकालाही तोच पोशाख हवा असतो. पांढरे कापड आजूबाजूचा कोणताही रंग परावर्तित करते. निवेदक पडद्याला खेटून उभा राहिला तर बाह्या आणि खांदे हिरवट होतात आणि तो हिरवटपणा पडद्याच्याच रंगाचा असल्यामुळे सॉफ्टवेअर बाराबंदीलाही भोके पाडते. यावर एकच खरा उपाय आहे: अंतर. निवेदक आणि पडदा यांच्यात किमान सहा फूट, जमल्यास आठ ते दहा फूट अंतर ठेवावे. खोली लहान असेल तर पडद्याचा आकार कमी करावा; निवेदकाच्या अंगामागे जेवढे हिरवे हवे तेवढेच ठेवून उरलेले काळ्या कापडाने झाकावे. चौकटीच्या कडा नंतर सॉफ्टवेअरमध्ये कापता येतात.

दिवे आणि कॅमेरा

पडद्यासाठी दोन दिवे दोन्ही बाजूंनी, आणि निवेदकासाठी वेगळे दिवे, ही विभागणी मोडू नये. पडद्याचे दिवे प्रखर नकोत. हिरवा रंग भडक होऊन पांढुरका झाला की त्याचा हिरवेपणा कमी होतो. कोपऱ्यात आणि मध्यभागी उजेड सारखा आहे याची खात्री करूनच पुढे जावे.

निवेदकाचा मुख्य दिवा वहीत नोंदवलेल्या उन्हाच्या बाजूनेच लावावा. सकाळचे ऊन खालच्या कोनातून येते आणि त्याचा रंग पिवळसर असतो, त्यामुळे दिवाही फार उंच नको. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला की आकाशाचा मऊ उजेड मिळतो. पाठीमागून खांद्यावर आणि केसांवर पडणारा एक छोटा दिवा अवश्य द्यावा, कारण मोकळ्या आकाशाखाली उभ्या माणसाच्या कडांवर तो उजेड असतोच.

कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. हे शटर त्याच्याशी जुळते आणि पडद्यावर पट्टे सरकत नाहीत. मोबाइल असेल तर उजेड, फोकस आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करावेत, आणि सौंदर्य वाढवणारे, पार्श्वभूमी धूसर करणारे सर्व पर्याय बंद करावेत.

चित्रीकरण ४के मध्ये करून अंतिम चित्रफीत १०८०पी मध्ये द्यावी, यामागे भक्कम कारण आहे. मोबाइल आणि बरेच साधे कॅमेरे ४:२:० पद्धतीने नोंद करतात. तिच्यात रंगाची माहिती उभ्या आणि आडव्या दिशेने निम्मीच ठेवली जाते. ३८४० × २१६० च्या चित्रात रंगाचा पट प्रत्यक्षात १९२० × १०८० इतकाच असतो. चित्र अर्ध्यावर आणले की प्रत्येक बिंदूला स्वतःचा रंग मिळतो आणि केसांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसत नाहीत.

निवेदक चौकटीत येण्यापूर्वी रिकाम्या पडद्याचे दहा सेकंदांचे चित्रण घेऊन ठेवावे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या परिचितांसाठी एक सूचना इथेच देतो. यंत्रमाग चालू असलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर चित्रीकरण केल्यास फरशीची थरथर तिवईतून कॅमेऱ्यात उतरते. नुसते चित्र पाहताना ती जाणवत नाही, परंतु मागे स्थिर मंदिर जोडताच निवेदक थंडीने कुडकुडल्यासारखा हलताना दिसतो. माग बंद असतानाची वेळ निवडावी किंवा तळमजला पाहावा.

की काढणे

की काढणे म्हणजे पडद्याचा रंग पारदर्शक करून माणूस वेगळा करणे. टाइमलाइनवर निवेदकाचे चित्रण ठेवून फ्यूजन विभागात जावे. मीडियाइन (चित्र आत येते तो) आणि मीडियाआउट (चित्र बाहेर जाते तो) या दोन नोडांमध्ये, म्हणजे प्रक्रियेच्या चौकोनांमध्ये, की काढणारा डेल्टा कीअर जोडावा, आणि रंग निवडण्याचे साधन निवेदकाच्या केसांजवळच्या हिरव्या भागावर न्यावे. चौकटीच्या कोपऱ्यातला हिरवा रंग निवडू नये, कारण कडा सुधारायची आहे ती माणसाजवळची.

आता रंगीत चित्र बाजूला ठेवून अल्फा पाहावा. अल्फा म्हणजे पारदर्शकतेचा काळा-पांढरा नकाशा. पांढरे तिथे निवेदक, काळे तिथे पार्श्वभूमी, करडे तिथे दोन्हींचे मिश्रण. प्रत्येक बिंदूसाठी सॉफ्टवेअर एकच हिशेब करते: पुढचा रंग गुणिले अल्फा, अधिक मागचा रंग गुणिले एक वजा अल्फा. केसांच्या टोकांशी, हलत्या बोटांच्या कडेशी करडा रंग असणे हे निरोगी लक्षण आहे. नवशिके मॅट टॅबमधील थ्रेशोल्ड (काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा) दोन्ही बाजूंनी आवळून सगळे शुभ्र आणि सगळे काळे करतात, आणि तिथेच केस टोपीसारखे दिसू लागतात.

पडदा पुरता काळा होत नसेल तर आधी त्याचे क्षेत्र कमी करावे. निवेदकाभोवती सैल बहुकोन आखून, तो उलटा करून, कीअरच्या गार्बेज मॅट (नको तो भाग वगळणाऱ्या) या प्रवेशाला जोडला की बहुकोनाबाहेरचा दिवा, तिवई, काळे कापड सगळे एकदम नाहीसे होते. हात पसरण्याच्या क्षणी बहुकोन पुरतो की नाही हे पूर्ण चित्रण चालवून पाहावे. उजेड असमान राहिला असेल तर रिकाम्या पडद्याचे जे चित्रण घेतले होते ते क्लीन प्लेट म्हणून जोडावे. प्रत्येक जागी मूळ हिरवा कोणता होता हे मग कीअरला ठाऊक होते.

बाराबंदीत भोके पडत असतील तर दोन की वापराव्यात. पहिली मऊ, केवळ कडा आणि केसांसाठी. दुसरी कडक आणि आत आक्रसलेली, फक्त धडाच्या गाभ्यासाठी. तिचा अल्फा पहिल्या कीअरच्या सॉलिड मॅट (हवा तो भाग भरीव ठेवणाऱ्या) प्रवेशाला द्यावा. कडा नाजूक राहतात आणि गाभा अभेद्य होतो.

उरलेला हिरवटपणा फ्रिंज टॅबमध्ये काढावा. तिथे स्पिल, म्हणजे पडद्यावरून अंगावर उतरलेला रंग, कमी करण्याच्या पातळ्या स्वयंपाकातल्या मांसाच्या शिजण्यावरून ठेवल्या आहेत, रेअरपासून बर्न्टपर्यंत. शेवटच्या पातळीवर त्वचा जांभळट होऊ लागते, म्हणून सौम्य पातळीपासून सुरुवात करावी. त्यानंतर कलर करेक्टर जोडायचा असल्यास त्यातील प्री-डिव्हाइड, पोस्ट-मल्टिप्लाय हा पर्याय सुरू ठेवावा. तो नसेल तर रंगातला बदल अर्धपारदर्शक कडांवर चुकीचा बसतो आणि माणसाभोवती फिकट रेघ उमटते.

थर रचणे

मंदिराच्या छायाचित्रातून आकाश आणि पाणी काढून ते पारदर्शक पीएनजी म्हणून साठवावे. थर सरकवल्यावर मागे पोकळी दिसू नये यासाठी प्रत्येक थर चौकटीपेक्षा साधारण वीस टक्के रुंद असावा, आणि जो भाग पुढच्या थराने झाकलेला होता तो छायाचित्रातच थोडा भरून घ्यावा.

फ्यूजनमध्ये प्रत्येक जोडणीला एक मर्ज नोड लागतो. पिवळ्या प्रवेशाला मागचा थर, हिरव्या प्रवेशाला पुढचा. पहिल्या मर्जमध्ये आकाशावर मंदिर, दुसऱ्यात त्यावर पाणी, तिसऱ्यात निवेदक, चौथ्यात फांदी. घरात अंथरुण घालताना सतरंजी, गादी, मग सोलापुरी चादर हा क्रम जसा बदलत नाही, तसाच हाही क्रम दूर ते जवळ असाच राहतो.

आता थरांना किंचित गती द्यावी. कॅमेरा बाजूला सरकतो तेव्हा जवळच्या वस्तू जास्त आणि दूरच्या कमी सरकतात. दहा सेकंदांच्या दृश्यात, १९२० बिंदूंच्या चौकटीत, आकाश सुमारे ८ बिंदू, मंदिर २५, पाणी ३५, निवेदक ६० आणि फांदी १५० बिंदू एकाच दिशेने सरकवली की खोली जाणवते. ही प्रमाणे अंतिम नव्हेत. नजरेला रुचेल तसे बदलावे, पण क्रम कधीही उलटू नये. निवेदकाचे पाय दिसत असतील तर ही गती देऊ नये, कारण पाय आणि जमीन वेगवेगळी सरकतात आणि माणूस बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो. कंबरेपासून वरची चौकट मी सुरुवातीलाच निवडली ती याच कारणाने.

ऊन, हवा आणि कण

या टप्प्यावर बहुतेक जण थांबतात, आणि खरी सफाई मात्र इथूनच सुरू होते.

प्रथम काळा रंग जुळवावा. निवेदकाच्या केसांतला सर्वांत गडद भाग आणि मंदिराच्या सावलीतला सर्वांत गडद भाग यांची तुलना करावी. दूरची सावली कधीही जवळच्या केसांइतकी काळी नसते, कारण मधली हवा उजेड मिसळते. मंदिराच्या मर्जनंतर क्षितिजाजवळच्या आकाशाचा रंग उचलून एक सपाट रंगीत थर आठ ते बारा टक्के तीव्रतेने द्यावा. जानेवारीच्या सकाळी हा रंग फिकट, दुधाळ असतो. मे महिन्यात तो मातकट होतो, आणि सोलापूरकर प्रेक्षकाला हा फरक न सांगता कळतो.

मग फोकस. डोळे निवेदकावर असतील तर मंदिर किंचित धूसर आणि फांदी बरीच धूसर असावी. यासाठी ब्लरपेक्षा डिफोकस नोड चांगला, कारण तो भिंगासारखा उजळ ठिपके पसरवतो.

त्यानंतर कडांवर पार्श्वभूमीचा उजेड आणावा. आकाश उजळ असते तेव्हा ते माणसाच्या कडांवर हलके ओघळते. पार्श्वभूमीची एक प्रत खूप धूसर करावी. निवेदकाचा अल्फा उलटा करून तोही धूसर करावा, आणि मूळ अल्फाच्या आत त्याचा जेवढा भाग शिरतो तेवढ्याच भागात ती धूसर प्रत स्क्रीन या उजेड वाढवणाऱ्या मिश्रण-पद्धतीने, वीस ते तीस टक्क्यांनी मिसळावी. परिणाम वेगळा दिसू लागला तर तो जास्त झाला असे समजावे.

सर्वांत शेवटी, सगळ्या थरांवर मिळून एकच फिल्म ग्रेन, म्हणजे बारीक कणांचा थर, द्यावा. छायाचित्रात कण नसतात आणि चलचित्रात असतात. समान कण मिळताच डोळा दोन्हींना एकाच कॅमेऱ्याचे मानतो. आकाशातल्या रंगांच्या पायऱ्याही या कणांमुळे मोडतात, ज्या एच.२६४ या चित्रफीत लहान करणाऱ्या प्रकारात निर्यात करताना विशेष ठळक होतात. १०८०पी साठी सेकंदाला १६ ते २० मेगाबिटचा दर पुरतो.

निर्यात केलेली फीत मोबाइलवर, आवाज बंद करून आणि एकदा रंग काढून, केवळ काळ्या-पांढऱ्यात पाहावी. रंग नसताना उजेडाचा विसंवाद लगेच उघडा पडतो. दुरुस्तीसाठी निवेदकाचा थर पार्श्वभूमीशिवाय, अल्फासह, प्रोरेस ४४४४ या पारदर्शकता जपणाऱ्या प्रकारात किंवा आपल्या संगणकावर तो पर्याय नसल्यास पीएनजी फ्रेमच्या मालिकेत वेगळा साठवून ठेवावा, म्हणजे आकाश बदलावेसे वाटल्यास की पुन्हा काढावी लागत नाही.